‘आकडा तपासला’

गेली 14 वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. ‘हुक’ला एकच प्रतिशब्द कधीच पुरला नाही. मासेमारीत तो गळ होतो, माहुताच्या हातात अंकुश. विणकामात क्रोशाची सुई. क्रोशे या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा हुक. वेल्क्रोच्या खरखरीत पट्टीवर बारीक आकड्या असतात. बॉक्सिंगचा ठोसा, क्रिकेटचा फटका आणि प्रोग्रामरचा हुक मात्र हुकच राहतात.

क्रेनच्या रोजच्या तपासणी तक्त्यात मी ‘हुक’च लिहिलं, कारण क्रेनवरचा प्रत्येक माणूस तेच म्हणतो. संपादकांनी त्याचं ‘आकडा’ केलं. शब्द अस्सल मराठी, कोशातला. क्रेनजवळ कधी उभं न राहिलेल्या माणसाला तो शोभूनही दिसतो. मी एक मेल टाकून हरकत घेतली. उत्तर आलं नाही आणि मी पुढच्या कामाला लागले. ते अजून सलतं.

काही महिन्यांनी तपासनिसांनी मला साइटवर बोलावलं आणि वही उघडून पुढे केली. ‘आकडा तपासला’ या रकान्यात रोज सुबक अक्षरात 3.2, 4.1, 2.8. ऑपरेटरने डिस्प्लेवरचे टन उतरवले होते. “मॅडम, आकडा लिहा म्हटलंय, म्हणून लिहिला,” तो म्हणाला. त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

मग त्यांनी हुक दाखवला. नवा असताना तोंड 50 मिलिमीटर, आता कॅलिपरवर 54. एएसएमई बी 30.10 या हुकांसाठीच्या अमेरिकी मानकानुसार तोंड 5 टक्क्यांपेक्षा जास्त उघडलं की हुक बाद, इथे 2.5 मिलिमीटरलाच तो उतरवायला हवा होता. घडीव हुक सहसा एकदम तुटत नाही, जास्त भार पडला की आधी उघडत जातो. ते उघडणं दिसावं म्हणून तर रोज बघायचं: तोंड, पीळ, झीज आणि तोंड बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे लॅच. इथे लॅच टोकाला टेकतच नव्हती. फटीत माझ्या करंगळीचं नख गेलं.

त्याच हुकाखालून माणसं रोज ये-जा करत होती.

हुक त्याच दिवशी बदलला. नव्या तक्त्यात मी ‘हुक’ परत आणला, शिवाय तोंड, पीळ, झीज आणि लॅच यांचे वेगळे रकाने पाडले. पण जुना तक्ता आणखी किती केबिनमध्ये चिकटवलेला आहे, ते कुणी सांगत नाही. मी दर सोमवारी फोन करून विचारते.