तांबूचे जेवण आणि अंड्याच्या टरफलांची पूड

माझा कुत्रा तांबू सहा महिन्यांचा असताना एका सकाळी पडवीच्या दोन पायऱ्या उतरला आणि मागचा डावा पाय वर धरून जागच्या जागी थांबला. तो पडला नव्हता, त्याला कोणी मारलेही नव्हते. एक्स-रे काढला तेव्हा मांडीचे हाड मधोमध दुमडलेले दिसले आणि बाकीची हाडे इतकी पुसट होती की भोवतालच्या मांसातून ती वेगळी ओळखणे मला जमेना. डॉक्टरांनी अपघाताची चौकशी केलीच नाही. "याला खायला काय घालता?" एवढेच त्यांनी विचारले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले की बाहेरचे काहीही नाही, रोज ताजे चिकन आणि मऊ भात, तोही हाडे काळजीपूर्वक काढून. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ताई, हाडे काढलीत, पण त्यांच्या जागी काही घातले नाहीत."

या वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझे पुढचे वर्ष गेले. चिकनच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा ते वीसपट फॉस्फरस असतो. कुत्र्याच्या आहारात मात्र कॅल्शियम हे फॉस्फरसाइतके किंवा त्याहून थोडे जास्त असावे लागते. ते कमी पडले की शरीर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी हाडांमधून कॅल्शियम उपसू लागते. म्हणूनच तांबूच्या रक्ततपासणीत कॅल्शियम अगदी व्यवस्थित दिसत होते. हाडे मात्र रिकामी होत चालली होती. वाढत्या पिल्लाला कॅल्शियमची गरज मोठ्या कुत्र्यापेक्षा दुपटीहून अधिक असते, त्यामुळे माझ्या चुकीचा भुर्दंड त्याने काही महिन्यांतच भरला. याच कारणाने, पिल्लू वर्षाचे होईपर्यंत पशू-आहारतज्ज्ञाने आखून दिल्याशिवाय केवळ घरच्या शिजवलेल्या जेवणावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. तांबूलाही मी त्या काळात पिल्लांसाठीचे तयार खाद्यच दिले, आणि त्याचा पाय सुधारला.

आमच्याकडे रत्नागिरीत पूर्वी कुत्र्यासाठी वेगळे काही शिजवण्याची पद्धत नव्हती. "भाकरीचा तुकडा टाकला की झाले," असे आई अजूनही म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या पाचक द्रव्याच्या जनुकाच्या दोनच प्रती लांडग्यांमध्ये असतात, तर कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहिल्याने भात-भाकरी पचवण्याची ताकद कुत्र्यांत आली आहे. परंतु ते कुत्रे नुसत्या भाकरीवर जगत नव्हते. मासळीची डोकी, कोंबडीची आतडी, कच्ची हाडे, शेतातले उंदीर असे पुष्कळ काही त्यांच्या पोटात जाई. बंद दाराआडच्या तांबूला जे मी देईन तेवढेच मिळते, म्हणून हिशेबाची जबाबदारीही माझ्यावरच येते.

हिशेबाची सुरुवात वजनापासून होते. कुत्र्याच्या किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ हा घात काढून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी मिळतात. साध्या गणकयंत्रावर हा घात काढायचा तर वजनाला दोनदा त्याच संख्येने गुणावे आणि मग लागोपाठ दोन वेळा वर्गमूळ काढावे. तांबू आता चार वर्षांचा आहे आणि त्याचे वजन १८ किलो आहे. त्याचे उत्तर ६१२ येते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला साधारण १.६ ने गुणतात, म्हणजे दिवसाला सुमारे ९८० कॅलरी. हा आकडा केवळ आरंभबिंदू आहे. पुढे बरगड्यांवरून हात फिरवून आणि वजन बघून तो कमी-अधिक करावा लागतो.

त्याच्या एका दिवसाच्या जेवणात १०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम बिनहाडांचे व बिनकातडीचे मांडीचे चिकन, एक अंडे, २५ ग्रॅम कलेजी, ५० ग्रॅम तारली मासळी, १०० ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर आणि दीड चमचा सूर्यफुलाचे तेल असते (सर्व वजने कच्च्या जिनसांची). कलेजीत अ जीवनसत्त्व आणि तांबे भरपूर असते, म्हणूनच ती याहून वाढवत नाही. कुत्र्याला आवडते म्हणून रोज वाटीभर कलेजी देणे घातक आहे. तारली मी मिठाशिवाय कुकरमध्ये इतकी शिजवते की तिचे काटे बोटांत सहज चुरडतात. तिच्यातून ओमेगा-३ मिळते, शिवाय थोडे आयोडीन आणि ड जीवनसत्त्व. हे ड जीवनसत्त्व महत्त्वाचे, कारण कुत्र्याची त्वचा उन्हात ते पुरेसे तयार करू शकत नाही.

या सगळ्यावर तीन ग्रॅम टरफलांची पूड पडते. अंड्यांची टरफले दहा मिनिटे उकळून, कडकडीत वाळवून, मिक्सरमध्ये दळून मी ती वस्त्रगाळ करते, म्हणजे घशाला किंवा आतड्याला टोचणारा एकही कण उरत नाही. टरफल जवळजवळ संपूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि तीन ग्रॅम पुडीतून एक ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम मिळते. ती घातली नाही, तर वरच्या भरगच्च जेवणातून गरजेच्या थोड्याशाच हिश्शाएवढे कॅल्शियम मिळेल. त्याऐवजी नाचणी चालेल का, असे मला बऱ्याच जणी विचारतात. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे एक ग्रॅमसाठी जवळजवळ ३०० ग्रॅम पीठ लागेल. मग मांसाला जागाच उरणार नाही. शिवाय तिच्यातले फायटेट हे द्रव्य जस्ताचे शोषण अडवते. चवीसाठी नाचणीची आंबील जरूर द्यावी, पण पुडीला ती पर्याय नाही.

मिठाबद्दलचा समज मात्र मला खोडून काढायचा आहे. मीठ दिले की कुत्र्याचे केस गळतात असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, पण सोडियम कुत्र्यालाही लागते आणि हजार कॅलरींमागे अर्धा ग्रॅम मीठ ही गरज भागवते. लोणचे, फरसाण, खारवलेली सुकट हे वेगळे प्रकरण आहे. ते देऊच नये.

इतके करूनही या जेवणात जस्त, आयोडीन आणि ई जीवनसत्त्व कमी पडते आणि तारली घालूनही ड जीवनसत्त्वाचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली कुत्र्यांची पूरक पावडर मी घालते. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नयेत. त्यांतल्या ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊ शकतो आणि चघळायच्या गोळ्यांत कधी कधी झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते, जे कुत्र्यांना विषासमान आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील ९५ टक्क्यांमध्ये किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला. पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही त्यांत होत्या. हे वाचून माझी टोचणी थोडी कमी झाली आणि सावधपणा वाढला. माझेही हे प्रमाण तांबूपुरतेच आहे. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला ते जसेच्या तसे देऊ नये.

आपल्या स्वयंपाकघरातला मोठा धोका कांदा-लसणाचा आहे. त्यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात आणि शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत, त्यामुळे मटणाचा उरलेला रस्सा भातावर ओतणे हा लाड नव्हे. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात आणि त्यांचे सुरक्षित प्रमाण कोणालाच ठरवता आलेले नाही. म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही तांबूला मिळत नाही. शिजवलेली हाडे उभी चिरतात, अणकुचीदार होतात आणि आतडे फाडू शकतात, तेव्हा जेवणानंतरची ताटे मी आधी स्वतः उचलते.

दर रविवारी आठवड्याचे जेवण एकदम शिजवते. भात वेगळा, बाकीचे वेगळे. तीन दिवसांचे फ्रिजमध्ये जाते आणि उरलेले डब्यांत भरून फ्रीजरमध्ये. पुरवणीची पावडर आणि टरफलांची पूड वाढताना, अन्न कोमट झाल्यावरच मिसळते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आधी मी एकटी आणि मग त्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहते. काल फरक १८ किलो ४०० ग्रॅम आला, म्हणून आजपासून भाताचे तांदूळ ९० ग्रॅम.