शेजार सोडून राहावं का?

गेले काही महिने आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एका प्लॉटची चर्चा आहे. नाशिकच्या बाहेर, दिंडोरी रोडला, एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेली जमीन. तरुण संघातल्या काही घरांनी ती हेरली. मंडळीतल्या कुटुंबांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढायची, सभासद फक्त ख्रिस्ती, मध्ये प्रार्थनेला हॉल, मुलांना खेळायला मोकळी जागा. शेजाऱ्यांच्या स्पीकरचा आपल्याला त्रास नको आणि आपल्या पेटी-तबल्याचा त्यांना नको. मी सहकारी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झाले, म्हणून कागद घेऊन मुलं माझ्याकडे आली. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा सगळं पाहिलं. जमीन स्वच्छ आहे. उपविधीत सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवता येतं का, हेही त्यांनी विचारलं. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अशी अट ग्राह्य धरली आहे, ते मी त्यांना सांगितलं.

कायद्याने वाट मोकळी आहे. तरीही मी या सोसायटीत नाव घालणार नाही, आणि इतरांनीही घालू नये असं मला मनापासून वाटतं. कारणं सभेतल्या पाच मिनिटांत मावणारी नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आधी त्यांची बाजू, कारण ती खरी आहे. आपल्यातलं एक नवं जोडपं भाड्याने फ्लॅट शोधत होतं. आडनाव चारचौघांसारखं मराठी, त्यामुळे फोनवर सगळं ठरायचं. आधार कार्डावरचं पहिलं नाव वाचलं की मालकाला अचानक आठवायचं की गावाहून भाऊ राहायला येणार आहे. दुसऱ्या एका घरी दर बुधवारी प्रार्थनासभा व्हायची. दहा-बारा माणसं, दोन भजनं, वचन, चहा. कुणीतरी धर्मांतर चाललंय असं कळवलं. पोलीस आले, नावं लिहून घेतली, गेले. पुढे काहीच झालं नाही, पण घरमालकाने बुधवार बंद करायला लावला. त्या घरातली मुलगी आता शाळेत नाताळच्या सुट्टीबद्दल बोलायला कचरते. ही माणसं चिडून नाही, थकून वेगळं घर मागतायत. त्यांना मी ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असं म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही.

पण चर्चेत दुसरंच कारण पुढे येऊ लागलं, आणि तिथे मी थांबले. ‘आंटी, नुसत्या त्रासाचा प्रश्न नाही. जगिक लोकांत राहून आपली मुलं जगिक होतायत,’ म्हणजे देवापेक्षा जगाच्या रीतीने चालतायत, असं एकाने सांगितलं आणि बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं वचन काढलं: त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा.

वचन आहेच. पण तोच पौल त्याच मंडळीला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय लिहितो, तेही वाचायला हवं. वाईट चालीच्या लोकांशी संबंध ठेवू नका असं मी लिहिलं होतं, पण ते जगातल्या लोकांबद्दल नव्हतं, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल, असं तो स्वतः खुलासा करून सांगतो. त्याचं बोलणं मंडळीत बसून वाईट चालीने वागणाऱ्यांबद्दल होतं. आणि दहाव्या अध्यायात तो थेट जेवणाच्या पानापर्यंत येतो. विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. मात्र हे देवाला दाखवलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. ज्याला शेजार ठेवायचाच नाही, तो इतकं बारीक कशाला लिहील?

हे मी आमच्या घरात रोजच्या व्यवहारात पाहिलं आहे. आई प्रसाद घ्यायची नाही. त्या बाबतीत ती ठाम होती. चाळीत समोरच्या काकूंकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. आईने पहिल्याच वर्षी त्यांच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं होतं, ‘वहिनी, नैवेद्य दाखवलेलं आम्ही खात नाही, राग मानू नका. पण तुमच्या हातचे मोदक मला आवडतात.’ काकूंनी तोडगा काढला. पहिला घाणा मोदकपात्रातून उतरला की नैवेद्याचं ताट वाढायच्या आधी आमचे पाच मोदक स्टीलच्या डब्यात निघायचे, वर केळीच्या पानाचा तुकडा. डबा काकूंचा मुलगा आणून द्यायचा आणि दारातूनच ओरडायचा, ‘आधीचे आहेत!’ नाताळच्या आठवड्यात आमच्याकडून फराळ जायचा. करंज्या, शंकरपाळी, अनारसे, बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई. काकू अंडं खात नव्हत्या, म्हणून त्यांचा केक आई वेगळा, दही घालून, कुकरमध्ये वाळूवर भाजायची. दोन्ही घरांनी आपापला नेम पाळला आणि वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरचं खाल्लं. मी काय मानते आणि काय मानत नाही, हे मला रविवारच्या शाळेइतकंच त्या डब्याने शिकवलं. ज्या मुलाला आयुष्यात प्रसाद पुढे करणारं कुणी भेटलंच नाही, त्याला आपण का घेत नाही हे कधी विचारावंच लागणार नाही. आपल्या मुलांचा विश्वास टिकावा म्हणून आपण त्यांना प्रश्नापासून दूर नेतो आहोत, याची मला काळजी वाटते.

आणि आपण नाशिककर आहोत. वेगळ्या वसाहतीचा प्रयोग आपल्या गावात एकदा होऊन गेला आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की कॅनडा कॉर्नर, महापालिकेचं राजीव गांधी भवन, शोरूम आणि संध्याकाळची गर्दी डोळ्यांपुढे येते. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं. त्यांना ते वसवावं लागलं, हे विसरून चालणार नाही. धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही, असा कायदा १८५० सालीच झाला होता. पण गावच्या विहिरीवर, बलुत्याच्या कामात, लेकीच्या सोयरिकीत तो कायदा काय करणार? बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला त्याच रात्री घराबाहेर काढत होते. त्याला डोक्यावर छप्पर आणि हाताला काम लागत होतं. म्हणून शरणपुरात सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जायचं.

तिथेच आफ्रिकन मुलंही आली. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की सुटलेल्या मुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न असायचा. त्यातली पुष्कळ मुलं नाशिकला पाठवली गेली. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच. याओ जमातीतला, गुलाम म्हणून पकडला गेलेला, सुटका होऊन नाशिकच्या मिशन शाळेत शिकलेला. स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधमोहिमेसाठी तो आफ्रिकेत परत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं गेलं. प्रेतसंस्काराची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. मग लिव्हिंग्स्टन यांचे जुने सोबती चुमा आणि सुसी, जेकब आणि इतर साथीदारांनी मृतदेह कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. प्राइस साहेबही पुढे मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवायला गेले आणि नाशिकचे बरेच आफ्रिकन तिकडे कामाला लागले.

ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांना शरणपूरने जागा दिली. तिथून माणसं बाहेर पडली, जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आपल्या प्लॉटचा आराखडा मी पाहिला. त्यात कंपाउंडची भिंत आहे, गेटावर वॉचमन आहे, पाहुण्यांची नोंदवही आहे. ज्याला कालच घरातून काढलं त्याच्यासाठी त्यात एकही खोली नाही. त्याच्याकडे बुकिंगचे पैसे कुठून येणार?

मला आणखी एक गोष्ट बँकेच्या सवयीने खटकते. उपविधीत ‘ख्रिस्ती’ म्हणजे कोण, हे लिहावं लागेल. आमच्या मंडळीतला? मग रोमन कॅथलिक चालेल का? पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेले, आपल्या चर्चला नावं ठेवणारे चालतील का? मुलाने हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं, ती चर्चला येत नाही, तर फ्लॅट कुणाच्या नावावर होणार? दारू पिणाऱ्याचं काय? आणि जे कुणी उघड बोलत नाही ते मीच बोलते: आपल्यातली जुनी जात, जी अजून लग्न जमवताना हळूच विचारली जाते, ती फ्लॅट वाटताना विचारली जाणार नाही याची हमी कोण देईल? एकदा आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवायला बसलं की ते काम संपत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, जलालपूरचं. वडिलांच्या सोवळ्याने घरातली माणसं कशी हैराण झाली होती, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ताटातूट झाली. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्यावरही त्या काही काळ आपलं अन्नपाणी वेगळं ठेवत होत्या. ते सोवळं त्यांनी स्वतः विचार करून सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. इतक्या कष्टाने जे आपल्या आधीच्या बायकांनी उतरवून ठेवलं, ते आपण पवित्रतेच्या नावाने परत नेसायचं का? आणि टिळक स्वतः? मिशनची पगारी नोकरी त्यांनी १९१७ मध्ये सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले, काम वाढू शकलं नाही. तरी आपल्या सगळ्यात मोठ्या कवीचं तोंड कोणत्या दिशेला होतं, हे कळायला तेवढं पुरे.

आरंभीची मंडळीसुद्धा सगळं समाईक ठेवून राहत होती, असं मला सांगितलं गेलं. हो, प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. त्याच ठिकाणी पुढे लिहिलंय की ती माणसं रोज यरुशलेमच्या मंदिरात जमत आणि सगळे लोक त्यांच्यावर प्रसन्न होते. लोकांनी त्यांना रोज पाहिलं होतं, म्हणूनच ना?

माझे वडील गेले ते पहाटे. मंडळीची माणसं शहराच्या चारी बाजूंना विखुरलेली, त्यांना पोचायला वेळ लागला. तोवर आमच्या बिल्डिंगने सगळं हातात घेतलं होतं. सेक्रेटरींनी खुर्च्या मागवल्या, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चहाचं पातेलं चढवलं, एक मुलगा बर्फाच्या पेटीमागे गेला. शेजारचे काका कब्रस्तानात आले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही गीत म्हटलं, ते हात जोडून उभे राहिले. मग आमच्या मागून त्यांनी मूठमाती दिली. तिथून घरी जाऊन त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे आंघोळ केली, आणि संध्याकाळी पिठलं-भात घेऊन आमच्या दारात आले. असा शेजार सगळ्यांना मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जो मिळू शकतो, तोही भिंत घालून आपण मिळू द्यायचा नाही?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. यांना जगातून काढून घे असं तो मागत नाही, वाइटापासून राख असं मागतो. मला हे पुरेसं स्पष्ट वाटतं.

ज्यांना त्रास होतोय त्यांच्यासाठी मात्र आजच काहीतरी करायला हवं. येत्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. भाड्याने घर शोधणाऱ्या जोडप्यांबरोबर आपल्यातले, शहरात ओळख असलेले दोन ज्येष्ठ मालकाकडे जातील, आणि डिपॉझिट कमी पडलं तर मंडळी ते बिनव्याजी देईल. जिथे घरी प्रार्थनासभा होते तिथे बिल्डिंगच्या सेक्रेटरींना आधी जाऊन भेटायचं, आणि पोलीस आलेच तर पहिल्या पाच मिनिटांत आपले वकील तिथे पोचतील अशी फोनची साखळी ठेवायची. तिसरी गोष्ट चर्चच्या मागच्या खोलीची. तिला वेगळं दार आहे, नळ आहे, आत जुने बाक आणि स्पर्धांचे फलक पडले आहेत. ती रिकामी करून घरातून काढलेल्या माणसासाठी ठेवायची, तो कुठल्याही चर्चचा असो, किंवा कुठल्याच नाही. रंग, संडासची दुरुस्ती, एक पलंग आणि कपाट, असा खर्चाचा अंदाज मी काढला आहे. प्लॉटच्या बुकिंगपेक्षा तो कितीतरी कमी आहे. ज्यांना कागद पाहायचा असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर मला भेटा.