टाकी बसवली, इंधन मात्र भरलेच नाही

२००० साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने पर्यायी इंधनाच्या वाहनांसाठी एक उदार योजना आणली. जी गाडी पेट्रोलखेरीज प्रोपेन किंवा सीएनजीवरही चालू शकेल ती विकत घेणाऱ्याला, किंवा आपल्या गाडीत तशी सोय करून घेणाऱ्याला, किमतीचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून परत मिळणार होता. ते पर्यायी इंधन प्रत्यक्षात वापरले पाहिजे, ही अट मात्र कायद्यात घालायची राहून गेली. मग जे व्हायचे तेच झाले. लोकांनी मोठमोठ्या एसयूव्ही घेतल्या, मागच्या बाजूला बादलीभर इंधन मावेल एवढी छोटी टाकी बसवून घेतली, अर्ज भरला आणि गाडी पूर्वीसारखीच पेट्रोलवर पळवली. योजनेचा खर्च एक कोटी डॉलरच्या आत राहील असा अंदाज होता. काही महिन्यांतच अर्जांची बेरीज पन्नास कोटी डॉलरच्या पलीकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा योजना घाईघाईने थांबवावी लागली. हा कायदा पुढे रेटणारे राज्य विधिमंडळातील सभापती जेफ ग्रोस्कॉस्ट त्याच वर्षीच्या निवडणुकीत पराभूत झाले.

या प्रकरणात लोकांना लबाड ठरवणे मला पटत नाही. त्यांनी कायद्याने मागितलेली वस्तू तंतोतंत हजर केली होती. सरकारने टाकी मागितली, लोकांनी टाकी दाखवली. वाहनांच्या अनुदानाचे कोणतेही धोरण वाचायला घेतले की मी पहिल्या पानावरची उद्दिष्टे सोडून आधी दोनच गोष्टी शोधतो : पैसे नेमके कशाबद्दल दिले जाणार आहेत, आणि ते कधी व कसे बंद होणार आहेत. उद्दिष्टे सगळीकडे सारखीच असतात, हवा शुद्ध व्हावी, तेलाची आयात कमी व्हावी, कारखाने वाढावेत. फरक पडतो तो या दोन कलमांमुळे.

ॲरिझोनाची चूक जुनी झाली, आता तसे कोणी करत नाही, असे वाटत असेल तर बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड मोटारींकडे पाहावे. या मोटारीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि चाळीस-पन्नास किलोमीटर नेऊ शकेल एवढी बॅटरीही असते. रोज रात्री ती चार्ज केली तर शहरातल्या शहरात पेट्रोल क्वचितच लागते. चार्ज केलीच नाही तर ती बॅटरीचे ओझे वाहणारी एक जड पेट्रोल मोटार ठरते. युरोपातील अनेक देशांनी या मोटारींना अनुदान दिले आणि नोकरदारांना कंपनीकडून मिळणाऱ्या गाड्यांमध्ये त्यांचा भरणा झाला. आता कंपनीच्या गाडीचे गणित पाहा. पेट्रोलचे बिल कंपनी भरते, घरच्या विजेचे बिल मात्र स्वतःला भरावे लागते. असा माणूस रात्री वायर लावायला कशाला उठेल? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात असे आढळले की खासगी मालकीच्या अशा मोटारी अधिकृत चाचणीत दाखवलेल्या आकड्याच्या सुमारे तिप्पट इंधन पितात, तर कंपनीच्या मोटारी सुमारे पाचपट. त्याच वर्षाअखेरीस जर्मनीने या मोटारींचे अनुदान बंद केले. टाकीच्या जागी बॅटरी आली होती, इतकाच काय तो फरक.

पैसे कोणत्या वाटेने पोहोचतात, यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने विजेवरच्या मोटारींसाठी अनेक वर्षे साडेसात हजार डॉलरपर्यंतची सवलत दिली, पण ती प्राप्तिकरातून वजा होणारी होती. म्हणजे ज्याला वर्षाकाठी तेवढा कर भरावाच लागत नाही, त्याला पूर्ण सवलतही मिळत नसे. श्रीमंताला पूर्ण आणि मध्यमवर्गीयाला अर्धीमुर्धी, असा हा उलटा न्याय होता. शिवाय मोटार घेताना पूर्ण रक्कम मोजायची आणि सवलतीची वाट पुढल्या वर्षी विवरणपत्र भरेपर्यंत पाहायची. २०२२ च्या कायद्याने यात चांगले बदल केले. खरेदीदाराच्या उत्पन्नाला आणि मोटारीच्या किमतीला मर्यादा घातली, आणि २०२४ पासून सवलतीची रक्कम विक्रेत्याकडेच किमतीतून कमी करून घेण्याची सोय केली. पुढे ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती सवलतच संपुष्टात आली, हा वेगळा भाग. व्यवस्था सुधारली आणि लगेच तिचा गाशा गुंडाळला गेला, याची मात्र मला खरोखर चुटपुट लागते.

किमतीची मर्यादा हा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण तिच्याभोवती उत्पादकांची कल्पकता कशी फुलते, हे विजेवरच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या भारताच्या फेम योजनेत दिसले. या योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला. दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेनुसार अनुदान होते, मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाची किंमत दीड लाखाच्या आत हवी होती. मग काही उत्पादकांनी चार्जर आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी लावली. कागदोपत्री गाडी मर्यादेत बसली आणि ग्राहकाने चार्जरचे पैसे निराळे मोजले, जणू चार्जरशिवायची विजेची दुचाकी घेऊन कोणी घरी जाणार होते. सरकारने हरकत घेतल्यावर २०२३ मध्ये ते पैसे ग्राहकांना परत करावे लागले. देशी बनावटीचे सुटे भाग वापरण्याच्या अटीवरूनही काही उत्पादकांची चौकशी झाली आणि घेतलेले अनुदान परत मागण्यात आले. चीनमध्ये तर २०१६ साली याहून धीट प्रकार उघडकीस आले होते. विजेवरच्या बसगाड्यांसाठी मोठे अनुदान घेणाऱ्या काही कंपन्यांनी बसगाड्या पूर्ण बांधल्याच नव्हत्या, तरी त्यांची नोंदणी मात्र उरकली होती.

तरीही चीनच्या धोरणाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. तिथे अनुदानाची अट वर्षागणिक कडक होत गेली. एका चार्जमध्ये गाडी किती अंतर जाते, बॅटरीच्या वजनाच्या मानाने तिच्यात ऊर्जा किती साठते, यांवर रक्कम ठरू लागली. ज्या गाडीला काल पैसे मिळत होते तीच गाडी जशीच्या तशी पुढल्या वर्षी आणली तर रक्कम कमी होणार किंवा मिळणारच नाही, हे उत्पादकाला आधी माहीत असे. २०२२ च्या अखेरीस केंद्राचे खरेदी अनुदान बंद झाले, तोवर तिथला उद्योग त्याच्यावाचून चालण्याइतका मोठा झालेला होता.

बंद होण्याच्या कलमाबद्दल जर्मनीचे उदाहरण फार बोलके आहे. तिथे २०१६ पासून खरेदीवर थेट रक्कम मिळत होती. सुमारे एकवीस लाख वाहनांसाठी दहा अब्ज युरोच्या आसपास खर्च झाला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने साठ अब्ज युरोची एक तरतूद रद्द ठरवली. तो निधी महासाथीसाठी मंजूर झालेल्या कर्जातून हवामान निधीकडे वळवला होता, आणि त्यामुळे अर्थसंकल्पाला मोठे खिंडार पडले. महिन्याभराने, १६ डिसेंबरच्या शनिवारी, सरकारने जाहीर केले की अनुदानाचे नवे अर्ज उद्यापर्यंतच घेतले जातील. इथे नियमातली एक बारीक गोष्ट लोकांना फार महाग पडली : अर्ज करण्यासाठी मोटारीची नोंदणी झालेली असावी लागे. म्हणजे ज्यांनी अनुदान गृहीत धरून महिनोन्महिने आधी मोटार मागवली होती, पण जिचा ताबा अजून मिळाला नव्हता, त्यांच्या हातात रविवारी करण्यासारखे काहीच उरले नव्हते. काही उत्पादकांनी आपल्या खिशातून ती रक्कम भरून दिली, सगळ्यांनी नाही. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, तिथे पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींची नोंदणी सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घसरली.

या घसरणीचा अर्थ, अनुदान थांबताच मागणी संपली, असा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. जाहीर केलेली मुदत अचानक तोडली गेली की माणूस दोन्हीकडून थांबतो; कदाचित पुन्हा अनुदान येईल म्हणून आज घेत नाही, आणि सरकारचा शब्द असाच असेल तर उद्या विजेच्या दरांचे काय होईल, म्हणूनही घेत नाही.

नॉर्वेचा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो, आणि बहुतेक वेळा अर्धवट दिला जातो. १९८९ च्या सुमारास तिथल्या बेलोना या पर्यावरण संघटनेचे लोक आणि आहा या लोकप्रिय वाद्यवृंदाचे कलाकार विजेवर चालणारी केलेली एक छोटी फियाट पांडा घेऊन रस्त्यांवर फिरत आणि टोल भरायला नकार देत. दंड साचला, मोटार जप्त होऊन लिलावात निघाली, आणि लिलावात त्यांनीच ती परत घेतली. विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली ती १९९७ साली. त्याआधी १९९० पासून नोंदणीवेळचा जबर कर माफ झाला होता. २००१ मध्ये मूल्यवर्धित करही गेला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नॉर्वेने रोख रक्कम हातावर ठेवण्याऐवजी पेट्रोलच्या मोटारीवरचा भारी कर कायम ठेवला आणि विजेच्या मोटारीवरचा तेवढा घेतला नाही. दोन मोटारी शेजारी उभ्या केल्या तर विजेची स्वस्त पडावी, एवढेच पाहिले. आणि हे तीसहून अधिक वर्षे चालले. सवलती काढल्या त्याही पायरीपायरीने : टोल आधी थोडा लावला, मग वाढवला; २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर कर सुरू केला. २०२४ मध्ये तिथल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेवरच्या होत्या. हे सगळे परवडले कारण त्या देशाकडे तेल आणि वायू विकून आलेला पैसा आहे, हा टोमणा रास्तच आहे. मात्र इतका पैसा असलेल्या अन्य तेलसंपन्न देशांनी असे काही केले नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे.

मोटार पंधरा वर्षे चालते, सरकार चार-पाच वर्षे. पर्यायी इंधनाच्या मोटारीत ही तफावत जास्त बोचते, कारण ते इंधन सर्वत्र मिळेल याची हमी खरेदीदार स्वतः देऊ शकत नाही. न्यूझीलंडने १९७९ नंतर सीएनजीसाठी असाच उत्साह दाखवला होता. गाडी बदलून घेण्यासाठी मदत, स्वस्त कर्ज, पंपांना साहाय्य, सगळे होते, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एक लाखाहून अधिक वाहने सीएनजीवर धावू लागली. मग नवे सरकार आले, त्याने सवलती काढून घेतल्या, तेलही स्वस्त झाले. नव्या गाड्या येईनाशा झाल्या म्हणून पंप बंद पडले आणि पंप बंद पडले म्हणून चालू गाड्यांच्या मालकांनीही टाक्या काढून टाकल्या.

ब्राझीलची कथा मोठी आहे आणि मला ती सर्वांत जास्त आवडते. १९७३ च्या तेलसंकटाने होरपळलेल्या या देशाने १९७५ साली उसापासून इथेनॉल बनवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ब्राझीलमध्ये त्याला सरळ अल्कोहोलच म्हणतात. कारखान्यांना स्वस्त कर्जे, पंपावर पेट्रोलपेक्षा कमी भावाची हमी, अल्कोहोलवरच्या मोटारींना करसवलत, अशी तिन्ही बाजूंनी मदत होती. १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ त्याच असत. इथे टाकीही होती, इंधनही भरले जात होते, कोणतीही पळवाट नव्हती. तरी गाडे अडले. पुढे साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला, तेल स्वस्त झाल्याने सरकारला अल्कोहोलचा भाव राखणे जड जाऊ लागले, आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. त्या मोटारीत दुसरे काही भरताच येत नव्हते. रांगेत ताटकळलेल्या माणसाने पुढची मोटार पेट्रोलची घेतली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या अल्कोहोल मोटारींची विक्री जवळपास शून्यावर आली.

तिथे इथेनॉल परतले ते २००३ मध्ये, पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालवून घेणाऱ्या मोटारींबरोबर. या मोटारीच्या मालकाला ना सरकारच्या शब्दावर विसंबावे लागते, ना साखरेच्या भावावर. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण सत्तर टक्के ऊर्जा असते, म्हणून पंपावर पोहोचलेला चालक फलकावरचे दोन भाव वाचतो, पेट्रोलच्या भावाला मनातल्या मनात सात दशांशाने गुणतो, आणि इथेनॉल त्याच्या खाली असेल तर त्याची नळी टाकीत लावायला सांगतो.