स्टिरॉइड अडवलं, पावडर सोडली

रुग्णालयातला फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या मोजून देणारा, असा बाहेर समज आहे. माझा निम्मा दिवस संगणकाच्या इशाऱ्यांची शहानिशा करण्यात जातो. डॉक्टरांनी औषध लिहिलं की सिस्टीम ते रुग्णाच्या ॲलर्जीच्या नोंदींशी ताडून बघते. जुळलं तर लाल खिडकी उघडते आणि पुढे जायचं असेल तर कारण टाइप करावं लागतं. त्या रकान्यात मी नुसतं टिंब पाहिलंय, ‘ओके’ पाहिलंय, एकाने तर स्वतःचं आडनाव टाकलं होतं. पण सगळा दोष डॉक्टरांचा नाही. मळमळलं तरी ॲलर्जी, इंजेक्शन घेताना घेरी आली तरी ॲलर्जी. लोक सांगतात आणि आपण लिहून घेतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद ज्यांच्या नावावर आहे, त्यांची रीतसर तपासणी केली तर 10 पैकी 9 जणांना ते चालतं. अशा नोंदींवर दिवसभर लाल खिडक्या उघडत राहिल्या, तर कोण किती वेळा वाचणार?

त्या दिवशी मात्र रेसिडेंट डॉक्टरने खिडकी वाचली, मानली, आणि घोळ तिथेच झाला.

दुपारी त्याचा फोन आला. “मॅडम, पेशंटला दमा आहे, नेब्युलायझेशन देऊनही छातीत शिट्ट्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन लिहिलं तर लाल येतंय. मेथिलप्रेडनिसोलोनची ॲलर्जी आहे म्हणे. ऑर्डर रद्द केली. आता कुठलं स्टिरॉइड देऊ?” पोरगं चांगलं आहे. पुष्कळजण विचारतही नाहीत, स्टिरॉइडशिवाय भागवतात.

मी रुग्णाची नोंद उघडली. बाई रक्तक्षयाच्या तपासणीसाठी दाखल झालेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. ॲलर्जीच्या यादीत मेथिलप्रेडनिसोलोन, आणि ‘काय त्रास झाला’ हा रकाना रिकामा. हा रकाना रिकामा सोडण्याची मुभा सिस्टीम देतेच कशी, हे मला आजवर कळलेलं नाही. खाली संध्याकाळची ऑर्डर होती, आतडं साफ करायची पावडर पाण्यात कालवून द्यायची. तिला काही इशारा नाही. आणि सिस्टरांनी दाखल करतानाच्या टिपणात लिहिलेलं, ‘बद्धकोष्ठतेची पावडर मानवत नाही.’ असं मोकळं लिहिलेलं वाक्य सिस्टीमच्या लेखी नसल्यासारखंच. यादीतून निवडलेलं नाव असेल तरच ती ते ताडून बघते.

मी वॉर्डात गेले. बाईंना धाप होती, पण बोलता येत होतं.

“काकू, ते इंजेक्शन कुठे दिलं होतं?”

“गुडघ्यात.”

“मग काय झालं?”

“दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते, तर तळहात खाजायला लागले. मग अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वासच कोंडला.”

“आणि ती पावडर?”

“अर्धा पेला प्यायले असेन. घसा खाजला, अंगावर पित्त. म्हटलं उष्ण पडली असेल, सोडून दिली.”

मुलाच्या मोबाइलमध्ये त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो होता. उपचार: मांडीत ॲड्रेनलिन, नंतर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन. म्हणजे जे औषध सिस्टीमने आज अडवलं, तेच त्यांना त्या दिवशी दिलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं.

गुडघ्यात देतात ते मेथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट, म्हणजे डेपो इंजेक्शन. ते पाण्यात विरघळत नाही, बारीक कण द्रवात तरंगत ठेवलेले असतात. त्या द्रवात पॉलिइथिलीन ग्लायकॉल 3350 असतं, ज्याला मॅक्रोगॉल किंवा पीईजी म्हणतात. 3350 म्हणजे त्याचा सरासरी रेणुभार. माहितीपत्रकात ते औषधी घटकांत नसतं, बारीक टायपातल्या निष्क्रिय घटकांत असतं. आणि बद्धकोष्ठतेच्या पुष्कळ पावडरींत, तसंच आतडं साफ करायच्या या पावडरीत तेच पीईजी मुख्य औषध म्हणून, पेल्यागणिक कित्येक ग्रॅम. दोन्ही ठिकाणी काही मिनिटांत सारखाच त्रास. सिस्टीमला मात्र एक स्टिरॉइड दिसलं आणि एक रेचक, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

शिरेतून द्यायच्या हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटमध्ये पीईजी नाही, हे आमच्या कुपीच्या पत्रकावर पडताळलं. ॲड्रेनलिन हाताशी ठेवून रेसिडेंटने ते दिलं. संध्याकाळपर्यंत शिट्ट्या ओसरल्या. पावडर थांबवली, तपासणी पुढे ढकलली आणि तयारीसाठी सोडियम पिकोसल्फेट–मॅग्नेशियम सायट्रेट घेतलं, त्याचेही निष्क्रिय घटक वाचून.

वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, “पीईजीची ॲलर्जी? अहो, ते तर निम्म्या गोळ्यांच्या आवरणात असतं. बाई रोज गोळ्या घेतातच ना?” घेतात, आणि मला खटकणारी गोष्ट हीच आहे. आवरणातली मात्रा फार थोडी असते आणि रेणुभार व मात्रा वाढली की त्रासाची शक्यता वाढते, त्यामुळे गोळ्या चालतात म्हणून शंका फिटत नाही. पण माझ्याकडे आहेत दोन आठवणी आणि दोन पत्रकं, पुरावा नाही. 2020 मध्ये फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींमुळे, त्यांतही पीईजी असल्याने, या ॲलर्जीचं नाव पुष्कळ डॉक्टरांच्या कानावर गेलं, तरी त्वचेची चाचणी कुणीही करावी अशी नाही. कमी रेणुभारापासून चढत जावं लागतं आणि चाचणीतच रिॲक्शन येऊ शकते. ॲलर्जी तज्ज्ञांची तारीख अजून यायची आहे.

तोवर नोंद करायची कशी, यावर माझं डोकं फिरलं. यादीत मॅक्रोगॉल सापडलं, पण रेचक म्हणून. ते निवडलं की पावडरीवर लाल खिडकी येते, गुडघ्याच्या इंजेक्शनवर येत नाही, कारण निष्क्रिय घटक औषधांना जोडलेलेच नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “असे पेशंट वर्षाला किती येतात?” किती येतात हे कळायला आधी नोंद करता यायला हवी, हे मी दोनदा समजावलं.

मेथिलप्रेडनिसोलोनची जुनी नोंद पुसायला वरिष्ठांची सही लागते. नोंद घालताना कुणाचीच लागत नाही. “राहू द्या, चाचणी होऊ दे, कशाला जोखीम घ्या,” असं उत्तर मिळालं. बाईंना दमा आहे, पुढचा झटका रात्री दोनला येईल, आणि तिथला रेसिडेंट फोन करणारा असेलच असं नाही. म्हणून रिकाम्या रकान्यात मी लिहिलंय: ‘गुडघ्यातील डेपो इंजेक्शननंतर ॲनाफिलॅक्सिस, पीईजीचा संशय, हायड्रोकॉर्टिसोन आधी दोनदा दिले आहे, त्रास नाही.’ ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. लाल खिडकीत हे दिसतं का, ते तपासलं. पहिली ओळ दिसते, पुढचं वाचायला बाण दाबावा लागतो. मी मजकूर उलटा केला, हायड्रोकॉर्टिसोन आधी आणि संशय नंतर.