ज्याची त्याची शिट्टी

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात दारावरच्या बेलची चैन नव्हती. मित्राला खाली बोलवायचं तर चौकात उभं राहून शिट्टी मारायची, आणि ज्याची त्याची शिट्टी ठरलेली. माझी दोन तुटक, मग एक लांब, शेवटी वर चढणारी. ती ऐकू आली की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "जा, आलं बोलावणं." आता सोसायटीत अशी शिट्टी मारली तर वॉचमन धावत येईल.

डॉल्फिनांमध्ये मात्र ही पद्धत शाबूत आहे. बॉटलनोज जातीचं पिल्लू लहानपणीच स्वतःची अशी एक शिट्टी ठरवतं. बारशाला आत्या लागत नाही! कॅल्डवेल या संशोधक दांपत्याने 1965मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. पुढे स्कॉटलंडच्या समुद्रात संशोधकांनी अशा शिट्ट्यांच्या नकला पाण्यात वाजवल्या, तर ज्याची शिट्टी तोच ओ द्यायचा. 2013मध्ये हे प्रसिद्ध झालं. शिट्टीसाठी तोंडाचीही गरज नाही. आवाज निघतो डोक्यावरच्या श्वासछिद्राखाली, नाकाच्या मार्गात. म्हणजे 'जेवताना बोलू नये' हा आपला नियम तिथे बाद.

मला सगळ्यात भावली ती ॲली आणि बेली या दोन डॉल्फिनांची गोष्ट. दोघी फ्लोरिडात एकत्र होत्या, मग ताटातूट झाली. साडेवीस वर्षांनी बर्म्युडात बेलीला ॲलीची शिट्टी स्पीकरवरून ऐकवली आणि तिने ती ओळखली. अनोळखी शिट्ट्यांना हे प्राणी लवकर कंटाळतात, ओळखीची वाजली की स्पीकरजवळ येऊन घुटमळतात. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे लोक अजून 'आपण कोण?' विचारतात.

ओळखीच्या डॉल्फिनच्या मूत्राची चवही त्यांना कळते म्हणे. वास घेण्याची सोयच नाही, तर करतील काय! पण हे जेवणाच्या टेबलावर सांगू नये, घरचे उठून जातात.

मध्यंतरी हर्णैला डॉल्फिन बघायला होडीतून गेलो होतो. आपल्या किनाऱ्यावरचे हे मदारवाले, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेले, जात वेगळी. पाण्यावर करडी पाठ दिसली मात्र, आमच्या होडीतली समस्त पुणेकर मंडळी शिट्ट्या मारायला लागली. कोण कुणाच्या नावाने हाका मारत होतं, देव जाणे. होडीवाला वैतागला. म्हणाला, "इंजिन बंद केलंय ते काय तुमच्या शिट्ट्या ऐकायला?"