वणव्याचं बोलणं गणपतीतच व्हायला हवं

गणपतीच्या वर बांधायच्या माटवीला कवंडळं, ती लाल रानफळं, हवीत म्हणून काल पुतण्याबरोबर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेले होते. पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे. आमच्या काजूच्या बागेच्या गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाबाहेरच्या जमिनीत गवत माझ्या कमरेला लागलं. हिरवंगार, ओलं, वाऱ्यावर डोलणारं. पुतण्याने लगेच मोबाइल काढून फोटो घेतला. माझ्या मात्र पोटात गोळा आला. हेच गवत डिसेंबरात कसं दिसतं आणि फेब्रुवारीत काय करतं, ते मी पाहिलेलं आहे.

म्हणून आज लिहायला बसले. आमचं गाव सिंधुदुर्गात, कणकवली आणि देवगडच्या मधल्या सड्यांच्या पट्ट्यात. इथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि मग जवळजवळ आठ महिने कोरडे. कातळावरची माती वीतभर. पाऊस सरला की ती लगेच सुकते आणि दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं. कोकण म्हटलं की पाणी आणि हिरवाई डोळ्यांसमोर येते, पण फेब्रुवारीत आमच्या सड्यावर येऊन उभे राहा, पायाखाली सगळं कुरकुरतं.

2022 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे तीन वाजून गेले होते. मी मांगरासमोर, बागेतल्या खोपटासमोर, बसून काजूच्या बोंडूपासून बी वेगळी करत होते. पुतण्या धावत आला, "काकी, सड्यार धूर दिसता!" मी वर पाहिलं तेव्हा धूर दोन बागा पलीकडे, उताराच्या पायथ्याशी होता. आम्ही पिंपातलं पाणी कळशीत भरेपर्यंत तो आमच्या गडग्याला भिडला.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते वाक्य त्या दिवशी मला कळलं. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि आमचे बरेचसे उतार पश्चिमेला तोंड करून आहेत. वारा मागून ढकलतो आणि चढ पुढे ओढतो. चढावर आगीची ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकलेली असते, त्यामुळे ते आधीच तापून कोरडं होतं. ढोबळ हिशेब असा, की उतार दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो. आमची बाग वरच्या बाजूला. माणसाने धावून पोचावं असं अंतर आमच्यात आणि आगीत उरलंच नव्हतं.

वाडीतली पंधरा-वीस माणसं आली. जांभळीच्या ओल्या डहाळ्या तोडून सगळ्यांनी झोडपायला सुरुवात केली. माझे दीर रबरी चपला घालून आत शिरले आणि त्यांचे तळपाय भाजले. महिनाभर त्यांना धड चालता आलं नाही. आग मात्र दहा मिनिटांत आमच्यातून निघून सड्यावर गेली आणि कातळ उघडा लागला तिथे आपोआप विझली.

त्या संध्याकाळी बाग बघितली तर वाटलं, वाचलो. खालचं गवत आणि पालापाचोळा काळा झालेला, पण झाडांवर पानं होती. पंधरा दिवसांत ती पानं तांबूस होऊन वाळली. गवताची आग झपाट्याने जाते, पण जाताना बुंध्याजवळची साल शिजवून जाते. सालीखालचा जिवंत थर गेला की झाड वरून उभं दिसतं आणि आतून संपलेलं असतं. आमची 63 काजूची झाडं अशी गेली आणि हापूसची नऊ कलमं.

माझ्या सासऱ्यांनी 1992 मध्ये, रोजगार हमीतल्या फळबाग लागवडीच्या योजनेतून, खालच्या भागात वेंगुर्ला-4 ही काजूची जात लावलेली. आम्ही 2015 मध्ये वरच्या उतारावर वेंगुर्ला-7 लावली, आणि गेली ती बहुतेक हीच, तरणी झाडं. सासरे म्हणत होते, "पावस पडलो काय फुटतली." फुटलीही. जूनमध्ये बुंध्यातून लालसर कोंब आले आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. मी खाली बसून नीट बघितलं तेव्हा कळलं, कोंब कलमाच्या सांध्याच्या खालून आलेत. म्हणजे फुटलं होतं ते खुंटाचं, ज्यावर कलम बांधतात ते रानटी रोप. वेंगुर्ला-7 जळून गेली होती. हे सासऱ्यांना सांगायला मला दोन दिवस लागले.

पंचनाम्याच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. नवीन झाडांची सातबाऱ्यावर नोंदच नव्हती. ई-पीक पाहणीचं ॲप 2021 मध्येच आलं होतं, पण फळबागेला ते कशाला, असं म्हणून आम्ही ते भरलं नव्हतं. ज्यांची बाग आहे त्यांनी झाडांची संख्या नोंदवा आणि दर वर्षी दिवाळीत बागेचे चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. जळाल्यावर तिथे काय होतं ते सिद्ध करत बसण्यासारखा अपमान नाही.

आग कोणी लावली ते आजतागायत कळलेलं नाही. कोणी म्हणालं रस्त्यावरून फेकलेली बिडी, कोणी म्हणालं तारांची ठिणगी, कोणी म्हणालं डुकराच्या मागावर आलेले शिकारी. "जाळला की गवात बरा येता" म्हणून मुद्दाम लावणारेही आहेत. जाळल्यावर कोवळे हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या सड्यावर आग सोसणारं कुसळी गवत तेवढं टिकतं, उघडी पडलेली माती पहिल्या पावसात व्हाळात, ओढ्यात जाते आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीची, चंडोलाची अंडी भाजून निघतात. राखीव जंगलात आग लावणं तर 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे, की लावणाऱ्याला शोधण्यात आम्ही वेळ घालवला ते चुकलं. काडी कोणाचीही असो, पेटलं ते गवत आमच्या सगळ्यांचं होतं.

2023 पासून आम्ही काय करतो ते सांगते. दसरा झाला की ग्रासकटर दुरुस्त करून घ्यायचा, कारण दिवाळीनंतर तालुक्यात एकही मेकॅनिक मोकळा नसतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गवत अर्धवट सुकलेलं असताना, गडग्याच्या दोन्ही अंगांनी पंधरा-पंधरा फूट बेणायचं, म्हणजे गवत कापून काढायचं. फार लवकर काढलं तर पुन्हा उगवतं, उशीर केला तर ग्रासकटरचं पातं कातळावर आपटून ठिणगी उडायची भीती. कापलेलं गवत तिथेच टाकायचं नाही, ही चूक पहिल्या वर्षी केली होती. ते आत आणून झाडांच्या आळ्यात घालायचा मोह होतो, पण बुंध्याला टेकलेलं सुकं गवत म्हणजे वात. आम्ही बुंध्याभोवती चार फूट माती उघडी ठेवतो आणि गवत खड्ड्यात कुजवतो.

जिथे कापणं जमत नाही तिथे जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आपणच आधी जाळून ठेवलेली पट्टी. हे काम पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना, आणि शेजारच्यांना आणि वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगून. दोन्ही कडा आधी कापून ओल्या करायच्या, मग मधली पट्टी थोडी थोडी पेटवायची. नऊ वाजले की बंद, काम अर्धं राहिलं तरी.

मांगराच्या कौलांवरचा पाला झाडून काढायचा आणि पेंढ्याची गंजी मांगरापासून लांब रचायची. ठिणगी वाऱ्याबरोबर उडून आधी असल्याच जागी पडते. आणि आंब्याच्या फवारणीचा पंप! तो प्रत्येक बागायतदाराकडे असतो. जानेवारी ते मे दोनशे लिटरचं पिंप भरून, पाइप जोडून तो तयार ठेवायचा. त्यात औषधाचं पाणी नको, साधं पाणी.

मार्च 2024 मध्ये रस्त्याच्या बाजूने पुन्हा आग आली. बेणलेल्या पट्ट्यापर्यंत आली, तिथे ज्वाळा गुडघ्याखाली उतरली आणि पाच माणसांनी ती झोडपून विझवली. त्या दिवशी सगळे सुती कपड्यांत होते आणि पायांत बूट होते. चढाच्या वर, आगीसमोर कोणी उभं राहिलं नाही. बाजूने, मागच्या टोकाकडून विझवत गेलो. जळून काळी झालेली जमीन पाठीशी ठेवायची, पळायचं झालं तर तिकडेच. आणि म्हाताऱ्या माणसाला एकट्याला बागेकडे धावू द्यायचं नाही. लावलेली झाडं लेकरांसारखी असतात, ते जाणारच. त्यांचा हात धरणारं कोणी तरी घरात हवं.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा उपग्रहावरून मिळणारा आगीचा इशारा नोंदणी करून मोबाइलवर घेता येतो, मीही घेते. पण ते उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात आणि आमचा वणवा तीन-चारला भडकतो. तोवर डोळे आपलेच. धूर दिसला की आधी वाडीच्या ग्रुपवर, मग वन विभागाच्या 1926 या नंबरवर.

आता त्या कमरेएवढ्या गवताकडे येते. आमच्या गडग्यापलीकडची ती जमीन सामाईक आहे. सातबाऱ्यावर बावीस नावं, बहुतेक मुंबईत, दोघं सुरतेला. वाटप झालेलं नाही म्हणून कोणी कसत नाही आणि कोणी बेणत नाही. 2022 ची आग त्याच तुकड्यातून उसळून आमच्यात आली होती. आमच्याकडचं बरंचसं रान असं खाजगी आहे, सरकारने येऊन ते साफ करावं अशी ती जमीन नाही. फोनवर विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, "बाकीच्यांना विचार." नोव्हेंबरात बावीस जण सापडत नाहीत. शिमग्याला सापडतात, पण तोवर उशीर झालेला असतो. येणारे वेळेत आणि एका जागी भेटतात ते गणपतीत, आरतीला. म्हणून मी आरतीनंतर प्रसाद वाटताना विषय काढते. जमीन कोणाची ते बाजूला ठेवा, फक्त गवत काढायला हो म्हणा, एवढंच मागते. खर्च माणशी वडापावच्या दोन खेपांइतका येतो. गेल्या वर्षी तीन जण हो म्हणाले, बाकीच्यांनी बघू म्हटलं.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीची माणसं देवळाच्या सभामंडपात बसणार आहेत. ग्रासकटर दोन आहेत, तिसरा घ्यायचा आहे. त्या बावीस जणांपैकी सात जण या वर्षी गावात येतायत. पाच जणांशी माझं बोलून झालंय. उरलेले दोघे आज रात्री कोकणकन्येने निघतायत.