खेकडे मोजण्याआधी खेकड्यांची यादी

खारफुटीत पाय ठेवण्याआधीच तिथे कोणते खेकडे सापडतील आणि किती, हे मला लिहून द्यायचं होतं. परवानगीच्या अर्जात तसा रकानाच होता. "अहो, तेच शोधायला तर जायचंय," मी म्हटलं. "रकाना कोरा चालत नाही," खिडकीतून उत्तर आलं.

जुनी पुस्तकं चाळून अंदाजाने यादी केली. ती परत आली. मी 'ऑस्ट्रुका ॲन्युलिपीस' लिहिलं होतं, त्यांच्या कागदात तोच फिडलर खेकडा 'युका ॲन्युलिपीस' होता. 2016 साली युका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, फोड होऊन अनेक प्रजाती झाल्या, हे मी उभ्या उभ्या समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि तज्ज्ञाचं पत्र मागितलं. पत्र नेलं, तर साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मी दोन्ही नावं मधे तिरकी रेघ देऊन लिहिली आणि अर्ज पाच मिनिटांत पुढे सरकला! तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा. चिखलातल्या मोठ्या खेकड्याचंही तेच. 1998 पासून 'स्किला'च्या चार जाती मानतात, पण जुन्या कागदांत बहुतेक सगळे 'सेराटा'च.

परवानगी मिळाली आठ दिवसांची, आणि तीही नेमकी अष्टमीच्या आगेमागे. तेव्हा भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी, असते. पाणी फारसं उतरत नाही, खाडीकडचा चिखल उघडाच पडला नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा तारखा. म्हणून अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मागा, आणि ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते हे धरून चाला.

प्रत्यक्ष काम त्यामानाने सोपं. एक मीटरची चौकट टाकायची आणि लांब जाऊन पंधरा मिनिटं न हलता दुर्बिणीतून बघायचं. बिळं मोजून खेकडे मोजल्याचं समाधान मानू नका. काही बिळं रिकामी असतात, काहींना दोन तोंडं. उघड्या, उन्हाच्या चिखलात एक नांगी मोठी असलेले फिडलर नर दिसतात. मुळांच्या सावलीत पानं बिळात ओढून नेणारे सेसार्मिड कुळातले खेकडे. क्षारता खाडीच्या पाण्यासोबत बिळातल्या पाण्याचीही घ्या, दोन्ही आकडे एक नसतात.

हो, चिखलाचा सामू जागच्या जागीच मोजा. माझे नमुने तारखांच्या घोळात पडून राहिले, त्यातल्या सल्फाइडला हवा लागली आणि सगळे आंबट झाले. ते आकडे फेकून द्यावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही. आणि ओळख पटवायला नर हवेत, माद्यांवरून मी दोन दिवस घालवले.

आता अंतिम अहवालाचा नमुना आलाय. त्यात रकाना आहे : 'यादीबाहेरील जाती आढळल्यास कारण नमूद करावे.' तीन आढळल्यात. रकाना अजून कोराच आहे.